गोदामातला हलता उजेड

१

हेडलाईट हलतो अशी तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा अर्धंच सांगतो. हेडलाईट हलत असतो हे खरं, पण तो कशानं हलायला लागला हे मात्र त्याच्या तोंडून निघत नाही. "आपोआपच हालून राह्यला, मिस्तरी," असं म्हणतो आणि कुठल्या नाल्यात गाडी घातली होती ते पोटातच ठेवतो. मेडशीच्या एस.टी. थांब्यामागं टिनाच्या दुकानात बावीस वर्षं बसलेल्या ग्यानबा मिस्त्रीला हे पाठ झालं होतं. आधी सायकली, मग ऑइल इंजिनं, मग फटफट्या, असं करत त्याचे हात काळे झाले होते. त्यामुळं हेडलाईटचं दुखणं घेऊन कुणी आलं की तो माणसाला फार विचारत बसत नसे, भिंतीला विचारत असे.

दुकानाला लागूनच माणिकरावांचं कापसाचं गोदाम होतं. चैत लागेपर्यंत ते रिकामं व्हायचं आणि किल्ली ग्यानबाकडं यायची. आत एक लांबलचक भिंत, चुन्यानं पांढरी केलेली. खिडकी नाही. वर छपराजवळ दोन झरोके, त्यांना पोती लावली आणि दार ओढून घेतलं की भर दुपारी डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. भिंतीपासून दहा पावलांवर त्यानं जमिनीवर रेघ मारून ठेवली होती. रेघेवर पुढचं चाक ठेवायचं, दिवा लावायचा आणि भिंतीवर पडलेल्या उजेडाभोवती खडूनं गोल काढायचा. मग इंजिन चालू करून पाहायचं, उजेड गोलाबाहेर कसा जातो. वरखाली गेला तर बोल्ट ढिले. आडवा गेला तर हँडलच्या बेअरिंगच्या गोळ्या झिजल्या. जागच्या जागी थरथरला तर बल्बची तार. बावीस वर्षांत चौथं काही निघालं नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात ग्यानबा दमला होता. काय होतं असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. ताप नाही, दुखणं नाही, दोन्ही मुली आपापल्या घरी सुखी. पण सकाळी पाना उचलायचा म्हटलं तरी मनगट आधी विचार करायचं. बसलेला माणूस उठताना गुडघ्यावर हात टेकतो, तसा तो दिवसभर कशावर ना कशावर हात टेकत असे.

२

शालिग्राम आला तो सकाळी नऊच्या सुमाराला, फटफटी हातानं ढकलत. हा हिवताप खात्यातला माणूस. घरोघर जायचं, तापाच्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि दारामागच्या भिंतीवर त्या दिवसाची तारीख लिहायची, हे त्याचं काम. आजूबाजूच्या गावांतल्या भिंतींवर त्याचं अक्षर होतं. महिन्यापूर्वी त्यानं ही जुनी फटफटी अकोल्याहून आणली होती.

"जय भीम, मिस्तरी."

"जय भीम. या साहेब, बसा. काय म्हन्ते गाडी?"

"डोकं हालून राह्यलं इचं."

"आपोआपच हालून राह्यलं असंन," ग्यानबा म्हणाला.

"नाई बावा, मी पाडली होती. किन्हीराजाच्या नाल्यात." शालिग्राम सरळ बोलून गेला. "पन पडायच्या आंधीपासूनच हालते. त्याच्यामुयंच तं पडलो. उजेड असा इकडून तिकडं जाते, का मानसाले वाटते, समोरून कोनी येऊन राह्यलं. मंग आपन गाडी बाजूले घेतो."

ग्यानबानं प्रथमच मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. खरं बोलणारं गिऱ्हाईक म्हणजे काम वाढलं.

"कोनापासून घेतली?"

"बजारात उभी होती. इकनारा घाईत होता. कागद बरोबर हायेत." शालिग्राम बोटांची नखं पाहू लागला. "मिस्तरी, चार दिवसांत पक्की करून पायजे. रंगूले जऊळक्याले नेऊन सोडाचं हाय, तिच्या मायजवळ. सातवा लागला."

ग्यानबानं पाना खाली ठेवला. शालिग्रामच्या बायकोची, रंगूबाईची, आधीची दोन लेकरं हाती लागली नव्हती, हे सगळ्या मेडशीला माहीत होतं.

"दोन्ही डाव बैलगाडीत नेली होती. हादरे किती बसतेत तुमाले ठावं हाय. ह्या डावी म्या म्हनलं, बैलगाडी नाईच. फटफटीवर हयूहयू नेतो. रस्ता सोडला नाई म्हंजे झालं. पन हा दिवा असा हालला, अन् मी पुन्हा कोनाले तरी चुकवाले गेलो..."

"होऊन जाईन," ग्यानबा म्हणाला. एवढं म्हणायलाही त्याला जोर लावावा लागला.

३

त्याच दुपारी त्यानं फटफटी रेघेवर उभी केली, झरोक्यांना पोती लावली आणि दार ओढलं. वर छपराचे टिन तापून टण, टण वाजत होते. कोपऱ्यात सरकीचा जुना तेलकट वास होता. बटण दाबल्यावर भिंतीवर उजेड पडला, ताटाएवढा, जरा डाव्या अंगाला. ग्यानबानं खडूनं त्याभोवती गोल काढला आणि खाली बारीक अक्षरात तारीख टाकली. इंजिन चालू केलं. उजेड गोलाबाहेर गेला, परत आला, दुसऱ्या बाजूनं गेला, परत आला.

आडवा. म्हणजे हँडलच्या गोळ्या. त्यानं इंजिन बंद केलं आणि दार उघडायला दोन पावलं गेला. मग सवयीनं एकदा मागं वळून पाहिलं.

इंजिन बंद होतं. उजेड हलतच होता.

आता यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. स्टँड ढिला असेल, गाडी अजून डुलत असेल. ग्यानबानं परत येऊन हेडलाईटच्या डूमवर, म्हणजे त्याच्या पत्र्याच्या डोक्यावर, तळहात दाबला. पत्रा कोमट होता आणि अगदी स्वस्थ होता. समोर भिंतीवर उजेड इकडून तिकडं चालला होता. त्यानं दुकानातून पाण्याची वाटी आणली आणि डूमवर ठेवली. असं काम तो बारीक थरथर शोधताना करायचा, वाटीतलं पाणी खोटं बोलत नाही. पाण्यावर एक सुरकुती उठली नाही. उजेड आला, गेला. आला, गेला. मग थोडा वेळ जागच्या जागी थांबला आणि पुन्हा निघाला.

"डोये गेले," ग्यानबा मोठ्यानं म्हणाला. पन्नाशी उलटली होती, चष्मा दोन वर्षांपासून घ्यायचा राहिला होता. दमलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकतात, तर उजेड हलायला काय झालं. हे स्वतःला सांगून झाल्यावर त्याला बरं वाटलं. त्यानं वाटीतलं पाणी पिऊन टाकलं आणि हँडल खोलायला घेतलं.

४

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यानं गोळ्या बदलल्या, बोल्टांखाली नवे रबर घातले, पुढच्या चाकाचे आरे एकेक वाजवून ताणले आणि नवा बल्ब बसवला. अशी गाडी त्यानं त्या वर्षात एकही केली नव्हती. दार ओढून दिवा लावला, तर उजेड हलत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डूमच उतरवला आणि अडगळीतून दुसऱ्या मोडक्या गाडीचा डूम काढून त्या जागी लावला. तार नवी, बटण नवं, बॅटरीसुद्धा आपल्या ओळखीची. आता शालिग्रामच्या गाडीचं त्या दिव्यात काही उरलं नव्हतं. दार ओढताना ग्यानबाचा हात जरा रेंगाळला, हे त्याला स्वतःलाही कळलं.

उजेड हलत होता. तीच चाल. दोन झोके, जरा थांबणं, पुन्हा दोन झोके.

यापेक्षा एक वेगळीच गोष्ट त्याला खुपली. पहिल्या दिवशीचा खडूचा गोल ताटाएवढा होता. दुसऱ्या दिवशीचा त्याच्या बाहेरून गेला होता, परातीएवढा. आजचा उजेड त्याच्याही बाहेर चार बोटं पसरला होता. चाक रेघेवरच होतं; त्यानं वाकून पाहिलं, बोटानं चाचपलं. बरं, उजेड पसरला की फिका पडतो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. हा पसरला होता आणि पिवळा, दाट झाला होता. दिवा लांबच्या लांब असताना उजेड जवळ आल्यासारखा दिसत होता.

आणि आवाज होता. कुईं. जरा वेळानं पुन्हा कुईं. तारेची कडी पत्र्यात घासते तसा. ग्यानबाला एकदम हायसं वाटलं, कारण आवाज म्हणजे आजार, आणि आजार म्हणजे औषध. त्यानं तेलाची कुपी आणली आणि हँडल, स्टँड, सीटच्या स्प्रिंगा, जिथं म्हणून लोखंडाला लोखंड लागतं तिथं तेल सोडलं. मग तो अंधारात गाडीला कान लावून उभा राहिला. गाडी मुकी होती. कुईं झालं ते समोरून, भिंतीच्या अंगानं. उजेड उजवीकडं गेला की व्हायचं, डावीकडं गेला की नाही.

त्यानं दिवा बंद केला, दार उघडून बाहेर आला आणि थांब्यावरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसला. अकोल्याची एस.टी. आली, माणसं उतरली, चढली. ग्यानबाला भीती वाटत होती, आणि भीती वाटण्याइतका जोरही आपल्यात उरला नाही असं वाटत होतं.

५

त्या संध्याकाळी तो लवकर घरी गेला. भागिरथाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला तो दुकानातलं काही सांगत नसे, पण आज त्यानं कोनाड्यातली बॅटरी घेतली आणि चुलीमागच्या काळ्या भिंतीवर तिचा झोत टाकून हलवून दाखवला. दोन झोके, जरा थांबणं, दोन झोके.

"हे पाय. अथी कोनता बोल्ट ढिला असंन, सांग बरं," तो हसण्यावारी नेत म्हणाला.

भागिरथाबाईनं भाकर तव्यावर टाकली आणि बघत राहिली. "पुन्हा करा."

त्यानं पुन्हा केलं.

"कायचा बोल्ट? हे तं कोनी कंदील घेऊन चालून राह्यलं." ती सहज बोलली, भाकर उलटवत. "बाई हाय. डोक्यावर टोपलं हाय तिच्या. म्हनून हात एवढाच हालते, मोठा झोका नाई देता येत, मान अवघडते. मंधात थांबते ते आवाज आयकाले."

ग्यानबानं बॅटरी विझवली.

त्याला हे आधीच ओळखू यायला हवं होतं. सगळं तारुण्य त्यानं ज्वारीच्या रानात जागलीवर काढलं होतं. चार खांबांवर बांधलेल्या माच्यावर बसून रात्रभर डुकरं हाकायची. दिवा लावायचा नाही, कारण दिव्याला जनावर बुजतं आणि मग दुसऱ्याच धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधानं, शिरतं. अंधारात सगळे माचे सारखे. मग घरची बाई भाकर घेऊन आली की धुऱ्यावर थांबून कंदील असा हलवायची, आणि ज्याची ती त्यानं हाळी द्यायची: होऽऽ. त्या आवाजाच्या रोखानं ती रानात शिरायची. हाळी दिलेल्या माणसानं मग माचा सोडायचा नाही, हा कडक नियम. डोक्यावर ओझं घेतलेली बाई अंधारात कुठं शोधत फिरणार? आणि कुणीच हाळी दिली नाही, तर ती तिथंच धुऱ्यावर कंदील हलवत उभी राहायची.

पोरवयात ग्यानबानं खोड्याही केल्या होत्या. दुसऱ्याच्या कंदिलाला आपणच हाळी द्यायची आणि त्याची गरम भाकर खाऊन टाकायची. बाई भोळी असली तर अंधारात तिला चेहराही कळत नसे. दुसऱ्या दिवशी मार बसायचा, तो वेगळा.

"कुठं पाह्यलं तुमी हे?" भागिरथाबाईनं विचारलं.

त्यानं थोडक्यात सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. तिनं तवा उतरवला, पदरानं हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"तुमी आवाज देल्ला का?"

"नाई."

"देऊ नका. ते ज्याच्यासाठी आनून राह्यली, त्याच्यासाठी हाय. आपल्याले काय करायचं?"

ग्यानबा जेवला, पण प्रत्येक घासाला त्याच्या मनात एकच हिशेब फिरत होता. ती आपल्याकडं निघालेली नाही, हे चांगलं. पण मग कुणाकडं? फटफटी शालिग्रामची. उद्या तिच्यावर बसणार रंगूबाई, सातव्या महिन्याची.

६

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं ठरवलं. दमलेला माणूस ठरवतो तसंच, म्हणजे सगळ्यात कमी कष्टाचं. हेडलाईटमधला बल्ब काढून त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकला. शालिग्रामला सांगायचं, बल्ब उडाला, अकोल्याहून येईल, दिवसाउजेडी जा आणि दिवा लावूच नको. दिवा नाही तर उजेड नाही, उजेड नाही तर बाकी काही नाही. मग गाडी जऊळक्याला जावो की आणखी कुठं, ग्यानबा मिस्त्री हात झटकून मोकळा. हे ठरल्यावर त्याला लाज वाटली, पण झोपही आली, इतकं हलकं वाटलं.

दहाच्या सुमाराला दोघं आली. रंगूबाईच्या हातात गाठोडं, कपाळावर घाम. उन्हानं तोंड लाल झालं होतं. शालिग्रामनं बल्बचं ऐकलं आणि मान हलवली.

"दिवसाच चाललो आमी. हालत तं नाई ना आता?"

"आता नाई हालनार," ग्यानबा म्हणाला. एवढं खोटं बोलायला त्याला काहीच वाटलं नाही, आणि तेच त्याला लागलं.

"मंग मी कॅनमंधी तेल घेऊन येतो दुकानावरून. रंगू, तू सावलीत बस."

सावली म्हणजे गोदाम. ग्यानबा नाही म्हणेपर्यंत ती आत जाऊन एका पोत्यावर टेकलीसुद्धा. सातवा लागलेल्या बाईला ऊठ म्हणायचं कसं? तो तिच्या मागोमाग आत शिरला, फटफटी बाहेर काढायला. झरोक्यांची पोती कालची तशीच होती. त्यानं हँडलला हात घातला आणि बाहेर गरम वाऱ्याचा एक लोट आला. दार धाडकन लागलं.

अंधार झाला. टिन वाजत होते, टण, टण. मग तेही थांबले.

भिंत उजळली होती.

ग्यानबाचा हात आपोआप खिशाकडं गेला. बल्ब खिशात होता, काचेचा, गार. भिंतीवरचा उजेड बैलगाडीच्या चाकाएवढा झाला होता, खडूचे तिन्ही गोल त्याच्या पोटात गेले होते. दोन झोके. थांबणं. कुईं.

"काका," रंगूबाई अंधारातून म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. "हा कोनाचा उजेड हो?"

"झरोक्यातून येऊन राह्यला. पाहू नको तिकडं."

"आमची माय असाच हालवे कंदील." ती हसली असावी. "बाप जागलीवर राहे. मी बी त्याच्यासंगं माच्यावर बसो. बाप झोपून गेला असला तं मीच आवाज देवो, माय फसे अन् हासे." पोतं करकरलं. ती उठत होती. "काका, हे तं आपल्याकडंच पाहून राह्यली."

कंदील थांबला होता, ऐकण्यासाठी थांबतात तसा.

रंगूबाईनं श्वास आत घेतला. ग्यानबाला तो ऐकू आला. हाळी देण्याआधी माणूस छाती भरून घेतो, तो श्वास. तिला ओरडून गप्प करायला वेळ नव्हता. आणि काय म्हणून ओरडायचं, तेही त्याला सुचत नव्हतं. भागिरथाचं सांगणं आठवलं, सकाळचं ते हलकं वाटणं आठवलं, मुली आठवल्या. आणि तरी त्याचा हात तोंडाशी गेला होता, पोरवयात जायचा तसा.

"होऽऽ!" ग्यानबा ओरडला.

गोदाम दणाणलं. वर कुठंतरी पारवे फडफडले. रंगूबाईचा श्वास आतल्या आतच राहिला.

उजेड डाव्या अंगाला, रंगूबाई उभी होती तिकडं, थोडा कललेला होता. तो सरळ झाला. ग्यानबाच्या अंगावर आला. आणि मग विझला.

७

त्यानं दार उघडलं तेव्हा शालिग्राम तेलाची कॅन घेऊन येतच होता.

"कायचा आवाज झाला?"

"काकानं देल्ला," रंगूबाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, खेळ मध्येच मोडलेल्या मुलीसारखा. "मी देनार होती, तं काकानं आंधीच देल्ला."

"पारवे हाकलत होतो," ग्यानबा म्हणाला.

त्यानं स्वतः फटफटी बाहेर काढली, स्वतः तेल ओतलं, रंगूबाईला पाय टेकायचा लोखंडी दांडा हातानं ओढून पाहिला. शालिग्रामनं पैसे पुढं केले ते त्यानं परत त्याच्या खिशात कोंबले. "हयूहयू जा. समोर कोनी दिसलं तं खाली उतरा, पन रस्ता सोडू नका," तो म्हणाला. "आता नाई दिसनार म्हना कोनी." या वेळी ते खोटं नव्हतं. फटफटी निघाली. रंगूबाई नवऱ्याच्या खांद्याला धरून बसली होती, दुसरा हात पोटावर. वळणापर्यंत तो पाहत राहिला. हेडलाईट हलत नव्हता.

मग तो थांब्यावर उभा राहिला. मालेगावची एस.टी. लागली होती. कंडक्टर ओळखीचा होता, चढ म्हणाला असता. घर दहा मिनिटांवर होतं आणि भागिरथाबाई या वेळी अंगणात गहू निवडत बसलेली असणार. जावंसं वाटलं. एक पाऊल घराकडं पडलंही. पण हाळी त्यानं दिली होती. हाळी देऊन माचा सोडला, तर बाई परत धुऱ्यावर जाते आणि ज्याच्यासाठी आली होती त्याला शोधत राहते. एवढं समजायला पुस्तक वाचावं लागत नाही.

एस.टी. निघून गेली. ग्यानबा गोदामात परत आला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

रंगूबाई बसली होती त्या पोत्यावर तो बसला. रेघेवर आता काही उभं नव्हतं. बराच वेळ नुसता अंधार होता, आणि त्या अंधारात बसून त्याला प्रथमच दमल्यासारखं वाटत नव्हतं. आपल्याला भास झाला असेल, असं त्याचं मन एकदा म्हणालं. उन्हाळा, डोळे, काळजी. मन हे म्हणत असतानाच कुईं झालं, चार हातांवर.

उजेड भिंतीवर नव्हता. जमिनीवर होता, कंदील हातात धरला की पडतो तसा, गोल आणि पिवळा. त्या गोलात एक पाऊल आलं. धुळीनं पांढरं झालेलं, टाच फुटलेली, बाईचं. दुसरं आलं. लुगड्याचा काठ ओला होता आणि त्याला कुसळं चिकटली होती, पिकल्या ज्वारीतून चालत आल्यासारखी. चैतात कुठली आली ज्वारी? त्याच्या वर उजेड पोचत नव्हता, आणि ग्यानबानं वर पाहिलं नाही.

पावलं त्याच्यासमोर येऊन थांबली. कंदील खाली टेकला गेला. ती निघाली नाही, नुसती उभी राहिली. जरा वेळानं ग्यानबाला कळलं, ती कशासाठी थांबली आहे. डोक्यावरचं ओझं एकटीनं उतरवता येत नाही. समोरच्यानं हात लावावा लागतो.

तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि अंधारात दोन्ही हात वर केले. बोटांना टोपल्याचा काठ लागला, ओलसर आणि ऊन. भाकरीचं एवढं वजन नसतं, हे हाताला लागल्याबरोबर त्याला कळलं; रंगूबाईच्या वाट्याचं ते आता आपल्या हातात आलं, हेही कळलं. पण हात लावलेलं ओझं मध्येच सोडता येत नाही, म्हणून त्यानं ते जपून खाली घेतलं.